मुदतीआधीचा होकार

प्रेमात पडलेला माणूस हिशेब विसरतो, आणि ज्याला हिशेब आठवतो त्याचं प्रेम खरं नव्हे, असं आजवर पुष्कळ शहाण्यांनी गंभीर चेहऱ्याने लिहून ठेवलेलं आहे. यांपैकी एकही शहाणा हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये दोन दिवसांच्या सेमिनारला बसलेला नव्हता, एवढंच.

सेमिनारचा विषय होता ‘ग्राहकाला मूल्य द्या’. पडदेवाली तिथे गेली, कारण तिच्याकडे ऑर्डरी येत होत्या पण एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नव्हतं. ती आठ दिवसांत पडदे देते म्हणायची आणि पंधरा दिवस लावायची. पडदे सुरेख असत. पण तोवर घरातली माणसं खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवून कंटाळलेली असत आणि सुरेख पडद्याकडेही रागानेच बघत.

ती तिसऱ्या रांगेत बसली. सर बोलायला उभे राहिले. सरांच्या सुटाचं कापड चांगलं होतं, पण बाह्या बोटभर लांब होत्या, हे तिने पहिल्याच मिनिटाला टिपलं. तेवढ्यात तिच्या मनगटावर पाण्याचा एक थेंब पडला.

शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने आधी छताकडे पाहिलं, मग मनगटाकडे, आणि सगळ्यात शेवटी तिच्याकडे.

“एसीचा नाही हा,” तो हळूच म्हणाला. “थेंब कोमट आहे का?”

“आहे... थोडासा.”

“मग वर कुणीतरी अंघोळ करतंय.”

ती हसली. नेमक्या त्याच वेळी सर एका दिवाळखोर कारखानदाराची करुण कहाणी सांगत होते. सगळ्या हॉलने वळून पाहिलं. त्या माणसाने अत्यंत गंभीरपणे आपली खुर्ची सरकवली, तिलाही सरकवायची खूण केली, आणि दोघांच्या मधल्या जागेत पाण्याचा रिकामा पेला ठेवून दिला. दिवसभर त्या पेल्यात टप् टप् होत राहिलं, आणि दर थेंबाला दोघं एकमेकांकडे न बघण्याची शिकस्त करत राहिली.

तो गळतीवाला होता. म्हणजे घरांच्या गच्च्या, भिंती, न्हाणीघरं यांतून जिथे जिथे पाणी झिरपतं, ते बंद करून देणं हा त्याचा धंदा.

जेवणानंतर सरांनी शेजाऱ्याशी जोडी करायला सांगितलं. एकाने गिऱ्हाईक व्हायचं, दुसऱ्याने विचारायचं की आपल्याकडे माणूस नेमकं काय घ्यायला येतो.

“पडदे,” ती म्हणाली.

“कशाला?”

“उजेड अडवायला.”

“मग भिंतच बांधून घ्यावी की त्याने. स्वस्त पडेल.”

“उजेड नको असतो असं नाही हो... हवाही असतो आणि नकोही असतो. हातात दोरी असली की बरं वाटतं माणसाला.”

तो तिच्याकडे बघत राहिला. या वेळी छत मध्ये आलं नाही.

“आणि तुमच्याकडे काय घ्यायला येतात?” तिने घाईने विचारलं.

“माझ्याकडे घ्यायला कुणी येत नाही. सगळे काही ना काही घालवायलाच येतात.”

दोन दिवसांत सरांनी पुष्कळ शिकवलं. फोनवर बोलतानाही हसावं, समोरच्याला ते ऐकू येतं, असंही शिकवलं. दोघांनी चहाच्या सुट्टीत पाठीला पाठ लावून ते करून पाहिलं. काही ऐकू आलं नाही. पण दोन गोष्टी मात्र दोघांनी कायमच्या उचलल्या.

तिने उचलली ती ही : कबूल कमी करा, द्या जास्त. पंधरा दिवस सांगा आणि दहाव्या दिवशी दार वाजवा. माणसाला वस्तूचा आनंद होत नाही, अपेक्षेपेक्षा वर मिळाल्याचा होतो. म्हणून आधी अपेक्षा खाली आणा.

त्याने उचलली ती ही : ‘कळवतो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मागे तीनदा जा. दर वेळी त्याच्या उपयोगाचं काहीतरी घेऊन जा, हात हलवत जाऊ नका. तिसऱ्यांदाही ‘बघू’ म्हणाला, तर हसतमुखाने बाजूला व्हा आणि एक चांगला निरोप पाठवा. उंबऱ्यावर बसून राहणाऱ्या माणसाची किंमत राहत नाही. गळतीवाला आयुष्यभर लोकांच्या उंबऱ्यावर बसत आला होता, त्यामुळे हे वाक्य त्याच्या जिव्हारी लागलं.

तो शेवटचा निरोप कसा लिहावा याचाही सराव झाला. गळतीवाल्याने लिहिलं, ‘आपल्या निर्णयाचा आदर आहे. कळावे.’ पडदेवालीने वाचलं आणि तोंड वाकडं केलं.

“हे कुणी गेल्यावर पाठवतात तसं वाटतंय.”

“मग तुम्ही सांगा.”

तिने पेन घेऊन पुढे लिहिलं, ‘कधी ओल आली, तर आठवण काढा. मी आहेच.’

सरांनी तो निरोप मोठ्याने वाचून दाखवला आणि टाळ्या मिळवल्या. श्रेय गळतीवाल्याला गेलं. तो भर हॉलमध्ये उभा राहून म्हणाला, “शेवटचं वाक्य यांचं आहे.” पडदेवालीला वाटलं, एसी बंद पडला की काय. कान एवढे तापले होते.

सेमिनारचा गुण आला. पडदेवाली गिऱ्हाइकाला मुदत सांगायची, गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा, आणि पडद्याचं पुडकं घेऊन ती आधीच हजर झाली की तोच चेहरा फुलायचा. लोक तिला चहा विचारू लागले. आपापल्या नणंदांना नंबर देऊ लागले.

गळतीवाल्याचंही बरं चाललं. आता तो कुणाच्या पाया पडत नसे, म्हणून लोक त्याला बोलावू लागले. पावसाचे दिवस म्हणजे त्याचा हंगाम. ओल्या भिंतीवर तो पालथी बोटं वाजवायचा, मग तळवा टेकवून डोळे मिटायचा, जसा डॉक्टर पोटाला हात लावतो तसा. काम झालं की घरच्यांना सांगायचा, भिंत सुकली आता, पण पडदे कुजलेत, ते बदला. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. ती उलट करायची. माप घेताना खिडकीखाली पोपडे दिसले की म्हणायची, पडदे शिवते, पण आधी हे दाखवून घ्या. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत.

अशा तऱ्हेने दोघं दुसऱ्यांच्या ओल्या घरांमध्ये भेटू लागली. बाहेर पाऊस, आत रंगाचा वास, सामान सगळं खोलीच्या मधोमध चादरीखाली. ती मापाची टेप उघडायची, दुसरं टोक तो धरायचा.

“सोडा आता. झालं माप.”

“नक्की? पुन्हा एकदा बघा. चुकलं तर पडदा आखूड होईल.”

“दोनदा बघितलं.”

“मग तिसऱ्यांदा माझ्यासाठी बघा...”

ती बघायची. खिडकी तेवढीच असायची. टेप मात्र दर वेळी जरा जास्त वेळ ताणलेली राहायची.

पडदेवालीच्या आईच्या मनात पाल चुकचुकायला वेळ लागला नाही. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. येणारं-जाणारं सगळं आईला भाजी निवडताना दिसायचं.

“हा गळतीवाला आपल्याकडे एवढ्या वेळा का येतो गं?” आईने एकदा विचारलं. “आपल्याकडे कुठे गळतंय?”

“धंद्याचं बोलायला येतात.”

“तुझा बाबाही माझ्याशी घड्याळ दुरुस्तीचंच बोलायचा,” आई म्हणाली आणि पुढची जुडी घेतली.

पडदेवालीला काय हवं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिला तो हवा होता. त्याने विचारलं की हो म्हणायचं, हे केव्हाच ठरून गेलं होतं. प्रश्न फक्त कसं म्हणायचं एवढाच होता, आणि तिथे तिचं एक जुनं दुखणं होतं. काही वर्षांपूर्वी तिचं लग्न एकदा जमत आलं होतं. तिने मुलाला पाहिल्या पाहिल्या हो म्हटलं होतं, कारण तो तिला आवडला होता आणि आवडल्यावर हो म्हणतात अशी तिची समजूत होती. मुलाकडच्यांनी मात्र आठवडाभर विचार केला आणि निरोप धाडला, की एवढ्या पटकन हो म्हणणाऱ्या मुलीत काहीतरी खोट असणार. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. पुन्हा होकार द्यायचा तो असा, की घेणाऱ्याने दोन्ही हातांनी घ्यावा.

त्याने विचारलं ते एका रिकाम्या फ्लॅटमध्ये. नुकतीच भिंत सुकली होती. खिडकीच्या काचेवरून पाऊस ओघळत होता, आणि टेपचं टोक नेहमीप्रमाणे त्याच्या हातात होतं.

“एक विचारायचंय,” तो म्हणाला. “पडद्यांबद्दल नाही.”

“मग... भिंतीबद्दल?”

“भिंतीबद्दलही नाही. एकटा राहतो मी. घर तुम्ही पाहिलंय. गळत नाही कुठे... पण नुसतं न गळणं म्हणजे काही घर नव्हे. लग्न कराल माझ्याशी?”

तिचं तोंड उघडलं. होकार अगदी ओठांवर आला होता. आणि नेमकी त्याच क्षणी तिच्यातली ती दहाव्या दिवशी दार वाजवणारी बाई जागी झाली. आत्ता हो म्हटलं तर काय होईल? त्याला जेवढं अपेक्षित आहे तेवढंच मिळेल. वर काय?

“मला वेळ लागेल,” ती म्हणाली. “वर्षअखेरीला सांगते. आणि... हो म्हणेनच असं धरून चालू नका.”

त्याचा चेहरा उतरला. तिने तो उतरताना पाहिला आणि तिला मनापासून बरं वाटलं. गिऱ्हाइकांचे चेहरे असेच उतरायचे. पाऊस संपला की आपण एके दिवशी अचानक जायचं आणि द्यायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मुदतीच्या कितीतरी आधी. हा चेहरा तेव्हा कसा दिसेल, याच कल्पनेत ती रमली. टेप आपोआप गुंडाळली जाऊन खटकन तिच्या बोटांवर बसली, तेही तिला कळलं नाही.

गळतीवाला पद्धतीला पक्का होता. पहिल्यांदा आला तो कपड्यावरची बुरशी घालवायचं औषध घेऊन. बाटली टेबलावर ठेवली, कसं वापरायचं ते सांगितलं, आणि दारात थांबून म्हणाला, काही ठरलं का? तिने मान हलवली, अजून काही सांगता येत नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा तिच्या दुकानाच्या मागच्या मोरीची फट बुजवून दिली. आईने त्याला दोनदा चहा दिला आणि जेवायचा आग्रह केला. जाताना त्याने विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. तो गेल्यावर आईने पदर खोचला.

“एवढी कसली भाव खातेस?”

“भाव नाही खात. हातचं राखतेय.”

“हातचं राखता राखता हात रिकामे राहायचे, बाई.”

आईच्या पिढीला मार्केटिंग कळत नाही, असं म्हणून तिने मशीन चालू केलं.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा पाऊस ओसरत आला होता. पडद्यांच्या हुकांची एक नवी तऱ्हा कुठूनतरी मिळवून आणली होती, गंज न चढणारे. त्याने ते एकेक करून टेबलावर मांडले. मग हुकांकडेच बघत म्हणाला,

“एवढं तरी सांगा... आशा ठेवू?”

तिला वाटलं, टेबलाला वळसा घालून जावं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकावं. पण आता थोडेच दिवस उरले होते. इतकं सांभाळलं ते एका वाक्यासाठी घालवायचं?

“आशा ठेवा,” ती म्हणाली, “असं मी म्हणणार नाही.”

त्याने मान डोलावली. हसला. हसणं चांगलं होतं, सरांना आवडलं असतं.

दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. ‘आपल्या निर्णयाचा आदर आहे. कधी ओल आली, तर आठवण काढा. मी आहेच.’

तिने तो वाचला आणि खळखळून हसली. आईला दाखवला. आई चष्मा लावून दोनदा वाचून म्हणाली, “हे निरोपाचं आहे गं.”

“नाही गं आई. थट्टा आहे ती. हे वाक्य माझंच आहे. आम्ही दोघांनी लिहिलं होतं.”

“मग तुझंच वाक्य तुला का पाठवलं?”

“म्हणून तर!” पडदेवाली म्हणाली. तिच्या मते याच्याइतकं नाजूक, याच्याइतकं खास दोघांतलं असं दुसरं काही असूच शकत नव्हतं. तिकडे गळतीवाल्याने तो निरोप पाठवण्याआधी चार वेळा दुसरे शब्द शोधले होते. पण बाजूला होताना म्हणण्यासारखं याहून चांगलं वाक्य त्याला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

ती तयारीला लागली. होकार तर द्यायचाच, पण वर काहीतरी जास्त हवं. त्याच्या घराला तीन खिडक्या होत्या आणि तिन्हींना जुन्या चादरी लावलेल्या. एकदाच गेली होती ती, त्याच्या थोरल्या ताईबरोबर चहाला, पण खिडक्या तिच्या नजरेत बसल्या होत्या. तिने फिकट आंब्याच्या रंगाचं सुती कापड निवडलं, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी मागे सारल्या आणि भराभर शिवायला घेतलं. मशीनवर गुणगुणत होती, असं आई नंतर शेजारणीला सांगत असे.

ऊन पडलेल्या एका रविवारी सकाळी ती पुडकं घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. वर्षअखेर अजून खूप लांब होती.

दार ताईने उघडलं. ताईच्या अंगावर ठेवणीतली साडी होती.

“अगंबाई, तू! ये ना. बरी वेळेवर आलीस, तोंड गोड कर.”

खोलीत त्याच्या समोरच्या खुर्चीत एक मुलगी बसली होती. चेहरा साधा, हसरा. बालवाडीत शिकवते, असं ताईने सांगितलं. ताईच्याच ऑफिसातल्या बाईंची भाची. मागच्याच आठवड्यात भेट झाली आणि चहा थंड व्हायच्या आत ठरलंसुद्धा. मुलगी लाजली. गळतीवाला उठून उभा राहिला होता आणि पुडक्याकडे बघत होता.

ताईने पुडकं पडदेवालीच्या हातातून घेतलं, दोरी सोडली, आणि पडदे मांडीवर पसरले.

“आहेर आणलास होय! कुणी सांगितलं तुला?”

बालवाडीवालीने एक पडदा उचलून खिडकीशी धरला. बरोबर बसत होता. “अय्या, मापाचे आहेत अगदी! माप कधी घेतलंत?”

“नजरेला सवय असते,” पडदेवाली म्हणाली.

तिने गोड खाल्लं. पाणी प्याली. निघते म्हणाली. गळतीवाला सोडायला जिन्यापर्यंत आला आणि मग तिच्याबरोबर खाली उतरू लागला. मधल्या वळणावर दोघं थांबली. तिथल्या भिंतीला ओल आली होती. त्याने सवयीने हात टेकवला.

“तुम्ही नाही म्हणालात ना,” तो म्हणाला. विचारत होता की सांगत होता, कळत नव्हतं.

“मी नाही कधी म्हटलं?”

“तीनदा विचारलं मी.”

“मी ‘सांगता येत नाही’ म्हटलं, ‘आशा ठेवा असं म्हणणार नाही’ म्हटलं. ते... आधी कमी सांगायचं असतं ना.”

तो तिच्याकडे बघत राहिला. दुसरा कुणी असता तर त्याला समजावून सांगावं लागलं असतं. पण हा त्याच हॉलमध्ये तिच्या शेजारी बसला होता. त्याला सगळं एका दमात कळलं, आणि कळताना त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते तिला बघवलं नाही.

“कधी सांगणार होतीस?”

पहिल्यांदाच तिला ‘तू’ म्हणाला.

“आज.”

वरून कपबशांचा आवाज येत होता. ताई काहीतरी बोलत होती आणि ती मुलगी हसत होती.

“निरोप वाचून तरी फोन करायचा होतास,” तो म्हणाला.

“मला वाटलं, थट्टा केलीत. माझंच वाक्य होतं ते.”

“चांगलं होतं. म्हणून पाठवलं.”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग जे विचारू नये ते तिने विचारलं. “तिला... शब्द दिलात?”

“दिला.”

“पुरता? थोडा हातचा राखून—”

“ती म्हणाली, तुम्ही मला आवडलात, करू या का लग्न? मी हो म्हणालो.” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “दुसरं काही सुचलंच नाही. तिला कुणी काही शिकवलेलंच नाही गं.”

तो शब्द मोडणाऱ्यातला नव्हता; तसा असता तर तिला आवडलाही नसता. तिने भिंतीवरच्या त्याच्या हाताकडे पाहिलं, अजून तिथेच होता.

“कुठून येतंय हे पाणी?” तिने विचारलं.

“गच्चीतून. बरेच दिवस झाले असणार.”

“बुजवून घ्या,” ती म्हणाली आणि उरलेल्या पायऱ्या उतरली.

घरी आल्यावर आईने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि भाजीची जुडी बाजूला ठेवली. तिने चहा टाकला, त्यात साखर दोनदा पडली, आणि दोघींनी तो तसाच प्यायला.

लग्न झालं. बालवाडीवाली मनाने चांगली निघाली. तिने शाळेतल्या सगळ्या बायकांना पडदेवालीचा नंबर दिला, आणि त्या हंगामात पडदेवालीला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. प्रत्येकीला तिने लांबची मुदत सांगितली आणि प्रत्येकीला त्याआधी पडदे नेऊन दिले. प्रत्येक बाई खूश झाली.

सुती कापड कापण्याआधी भिजवून घ्यायचं असतं. त्या तीन खिडक्यांच्या वेळी घाईत ते राहून गेलं होतं. पहिल्याच धुण्यात ते पडदे चार बोटं आटले.